‘हो सर’च्या विरोधात

सीएच्या ऑफिसात नवं आर्टिकल, म्हणजे प्रशिक्षणार्थी, आलं की पहिल्या आठवड्यातच कळतं, त्याला घरून आणि मोबाइलवरून काय पढवून पाठवलंय. कुठल्याही कामाला नाही म्हणायचं नाही. आधी हो म्हणायचं, कसं करायचं ते मग बघायचं. सरांच्या आधी यायचं, सरांच्या नंतर निघायचं. एखादी गोष्ट येत नसली तरी तसं दिसू द्यायचं नाही. चंद्रपूरच्या कोर्टात काळा कोट नव्यानं चढवलेल्या ज्युनियरलाही हेच सांगितलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींसाठी शिवलेला हा अंगरखा आमच्या पोरांच्या अंगावर तसाच चढवला जातो.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती पोकळ नाही. समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीहून किंवा एटापल्लीहून एक मुलगा आलाय, घरातला पहिलाच पदवीधर. चंद्रपुरात खोलीचं भाडं, खानावळ, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो म्हणून कूलरही हवा. आर्टिकलचं किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर शहर 3 लाख 20 हजारांचं भरलं, म्हणजे चार लाखांच्या आतल्या, सगळ्यात खालच्या गटातलं. वकिलीत तर तेवढाही नियम नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये ज्युनियरला शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत असं सुचवलं, पण ते सुचवणंच. त्यात गावात फर्म मोजक्या. एका सरांनी ‘पोरगा उर्मट आहे’ म्हटलं की संध्याकाळच्या चहापर्यंत दुसऱ्या सरांच्या कानावर जातं. 2023 पासून आर्टिकलशिपही तीनाऐवजी दोन वर्षांची झाली, म्हणजे नाव कमवायला वेळही कमी. अशा मुलानं ‘नाही’ म्हणायचं ते कुणाच्या जिवावर?

हे सगळं मला मान्य आहे. कामाच्या बाबतीत तर मी एक पाऊल पुढे जाईन. ‘आम्ही काय झेरॉक्स काढायला आलो का?’ हा रुबाब मला कधीच पटला नाही. फेरफाराची नोंद कशी होते हे मला तलाठ्याच्या दारातल्या बाकड्यानं शिकवलं, पुस्तकानं नाही. चलन भरायच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही की पक्षकार तारखेच्या आदल्या दिवशी का घामाघूम होतो. तेव्हा कष्टाला ‘हो’ म्हणावं, बिनशर्त म्हणावं.

माझं भांडण आहे ते ‘आधी हो म्हणायचं, मग बघायचं’ या वाक्याशी. आमच्या व्यवसायात विकलं काय जातं? राईस मिल तांदूळ विकते, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा विकते. आम्ही ‘पाहिलं’ हा एक शब्द विकतो. सीएची सही, वकिलानं तयार केलेलं प्रतिज्ञापत्र, मूल्यांककाचा अहवाल, सगळ्याच्या तळाशी तोच शब्द. आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराच्या, सगळ्यात नवख्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. बघायच्या आधीच हो म्हणण्याची सवय त्याला लावली, तर आमच्या दुकानात माल उरला काय?

हे मला एका थप्पीनं शिकवलं. आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी 31 मार्चला मूल तालुक्यातल्या एका राईस मिलमध्ये धानाचा साठा मोजायला मला पाठवलं होतं. मुनीम म्हणाला, “साहेब, धुळीत कायले जाता? यादी तयारच हाय.” वीस वर्षांच्या पोराला ‘साहेब’ म्हणणं हीच पहिली लाच असते, हे तेव्हा उमगलं नाही. तरी मी गेलो. थप्पी समोरून बारा पोती रुंद, दहा पोती खोल, अठरा उंच. गुणाकार केला, 2160 पोती. पोतं चाळीस किलोचं, म्हणजे 864 क्विंटल धान. यादीशी आकडा तंतोतंत जुळला. एक हमाल बाजूला बसला होता. तो म्हणाला, “वर चढून पाहा ना जी भाऊ.” मी घड्याळ पाहिलं. चंद्रपूरची शेवटची बस होती, आणि ‘दिलेलं काम वेळेत पूर्ण करणारा’ अशी माझी ख्याती होती. कागदावर लिहिलं, ‘प्रत्यक्ष मोजले.’

तीन महिन्यांनी बँकेचा माणूस शिडी लावून चढला. चारी बाजूंनी पोत्यांच्या भिंती, आणि मधोमध विहिरीसारखा खड्डा. सातशेवर पोती नव्हतीच. या धानावर बँकेनं कॅश क्रेडिट दिलेलं होतं. सरांनी मला समोर बसवलं आणि एकच विचारलं, “तू वर चढला होतास का?”

मी म्हणालो, “हो सर.”

खोटं बोलायचं ठरवून नव्हतो आलो. जिभेला तेवढंच वळण होतं.

मोजणी चुकली याचं मला आज तितकंसं वाटत नाही. वाटतं ते हे, की थप्पीवर न चढताही ते कळलं असतं. सरकारी भरडाईत कच्च्या तांदळाचा उतारा क्विंटलला 67 किलो धरतात. मिलनं वर्षभरात धान किती घेतलं, तांदूळ किती दिला, कोंडा किती विकला, विजेचं बिल किती आलं, ही चार कागदं शेजारी ठेवली असती तर शिल्लक धान तेवढं असूच शकत नाही हे दिसलं असतं. पण त्यासाठी कुणाला तरी विचारावं लागलं असतं, “सर, धानाचा उतारा किती पडतो? मला माहीत नाही.” भाताच्या मुलखात वाढलेल्या मुलानं हे विचारायचं? येत नाही असं दिसू द्यायचं नाही ना!

हा मूलसारख्या तालुक्यातला किरकोळ प्रकार म्हणून कुणी सोडून देईल. 7 जानेवारी 2009 ला सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी जे पत्र लिहिलं, त्यात ताळेबंदातली रोख आणि बँक शिल्लक सुमारे 5,040 कोटींनी फुगवलेली असल्याची कबुली होती. हीसुद्धा पोकळ थप्पीच. बँकेकडून शिल्लकेचं पत्र लेखापरीक्षकानं स्वतः थेट मागवायचं असतं. तिथे ती पत्रं पाठवायचं आणि गोळा करायचं काम कंपनीच्याच हाती राहिलं, असा ठपका अमेरिकेच्या रोखे नियामकानं 2011 मध्ये ठेवला आणि प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या फर्मांना 60 लाख डॉलर दंड केला. बँकेची पत्रं मागवणं हे कुठल्याही ऑफिसात बहुधा नवख्यांचंच काम. जगातल्या मोठ्या फर्मच्या यंत्रणेत आणि माझ्या त्या कागदात फरक फक्त शून्यांचा.

यावर मला उत्तर मिळतं, “मग काय, प्रत्येक पोरानं उठून नाही म्हणायचं? ऑफिस चालेल का?” चालतं. ते पाहायला लांब जायला नको, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात जावं. जेमतेम पाचशे वस्तीचं हे गोंडांचं गाव. तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकानं जरी ‘मला पटलेलं नाही’ म्हटलं, तरी निर्णय थांबतो. विषय अभ्यास गटात जातो, पुन्हा चर्चा होते, पुन्हा बैठक बसते. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं जोपासली. शहाण्या माणसाला वाटेल, असं गाव जागचं हलणार नाही. त्या गावानं 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यावर वन खातं अडून बसलं, तेव्हा गावही अडून बसलं. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. कॉर्पोरेट प्रशिक्षणात ज्याला ‘निगेटिव्ह ॲटिट्यूड’ म्हणतात, त्याच्यावर हे उभं आहे.

म्हणूनच मी आर्टिकलना आग्रहानं ग्रामसभांच्या हिशेबाला पाठवतो. ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या तसं पॅन, जीएसटी, आयकर हे सगळं त्यांच्या दारात आलं. तिथे इंग्रजीचा तोरा कामाचा नाही. कुठे माडिया, कुठे छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडे बंगाली, सिरोंच्यात तेलुगू. आणि तिथे ‘हो हो, समजलं’ म्हणून सुटताही येत नाही. पुडा सत्तर पानांचा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजले जाताना आपण स्वतः उन्हात उभं असावं लागतं, कारण आपल्या वहीतला आकडा चुकला तर ज्या बाईनं ते पुडे बांधलेत, ती तिथल्या तिथे सांगते. पुण्याच्या कुठल्या वातानुकूलित हॉलमध्ये इतका कडक परीक्षक मिळेल?

तेव्हा नव्या मुलांना माझं सांगणं उलटं असतं. पहिल्या वर्षी कागदावर ‘पाहिले’ लिहिण्याइतकंच ‘पाहिलेले नाही’ लिहायला शिका. कारणासकट लिहा, तारखेसकट लिहा, सरांना दाखवून त्यावर सही घ्या. तोंडी ‘नाही’ला उर्मटपणा म्हणता येतं. वर्किंग पेपरवरच्या नोंदीला तसं म्हणता येत नाही, लेखापरीक्षणाच्या मानकांनाच ती हवी असते. विद्यावेतन कमी, ओळख नाही, आडनावाला वजन नाही, अशा मुलाला हीच ढाल परवडते. अर्थात सरांनीही ती ढाल मोडू नये. या बाबतीत मुलांना सल्ले देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी सरांचे वर्ग घ्यायला हवेत.

गेल्या 31 मार्चला आमच्याकडची कुरखेड्याची एक मुलगी एका मिलवर गेली होती. तिच्या कागदावर पहिल्या तीन थप्प्यांचे आकडे होते आणि खाली ओळ होती, ‘थप्पी क्र. 4: शिडी उपलब्ध नव्हती, वर चढता आले नाही, मोजणी केलेली नाही.’ मालकाचा रात्रीच फोन आला. दुसऱ्या दिवशी मिलनं शिडी दिली, ती पुन्हा बसनं गेली, वर चढली. पोती बरोबर निघाली, एकही कमी नव्हतं. मालक अजून म्हणतो, “त्या पोरीले नका पाठवू जी.” यंदाही तिलाच पाठवतोय.