मावळात नवी सोसायटी उभी राहते, तेव्हा रस्त्याचा हिशोब कोण करतं?

मावळात एखाद्या जागेवर गृहप्रकल्पाचा फलक लागला की आसपासच्या रहिवाशांचे प्रश्न ठरलेले असतात. एवढ्या गाड्या जाणार कुठून? शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या कोंडीत रुग्णवाहिका कशी निघणार? हेच रहिवासी ग्रामपंचायतीत निवेदन देतात, तेव्हा बांधकामाची परवानगी आमच्या हातात नाही, असं उत्तर मिळतं.

मग ती कोणाच्या हातात असते? आणि परवानगी देताना वाहतुकीचा विचार होतो का?

सगळा भार जुन्या महामार्गावर

लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव ही सगळी गावं एका ओळीत आहेत. रेल्वे, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून जातात. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्णपणे सुरू झाला. पण त्यावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे, आणि तिथे चढता-उतरताही ठरावीक ठिकाणीच येतं.

त्यामुळे कामावर, शाळेत, बाजारात जाणारी स्थानिक वाहतूक जुन्या महामार्गावरच राहते. हा महामार्ग लोणावळा शहराच्या मधून जातो. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 57,698 होती, पण पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना इथला रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनीही भरतो. तळेगावच्या बाजूला चाकण एमआयडीसीकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची भर पडते.

गावातले रस्ते शेवटी याच महामार्गाला फाट्यावर मिळतात. पवनानगरकडून येणारी गाडी असो वा कार्ल्याहून निघालेली, खरी कोंडी या फाट्यांवर होते.

परवानगी देताना काय पाहतात?

मावळच्या ग्रामीण भागात बांधकामाला परवानगी देण्याचं काम पीएमआरडीए करतं. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे इथे ते काम नगर परिषदांकडे आहे. राज्याने डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियमावली आणली, तेव्हा लोणावळा नगर परिषदेला त्यातून वगळलं. म्हणजे शहराची हद्द ओलांडली की नियमावलीही बदलते.

या एकत्रित नियमावलीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला आहे. रस्ता रुंद, तर बांधकाम जास्त. पण ही रुंदी प्लॉटसमोरच्या रस्त्याची असते. तो रस्ता दोन किलोमीटरवर ज्या फाट्याला मिळतो, तिथे आधीच किती गाड्या अडकतात, हे या गणितात येत नाही. शेजारच्या चार प्रकल्पांच्या गाड्याही त्यात धरल्या जात नाहीत.

हा एकत्रित विचार विकास आराखड्यात व्हायला हवा. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि 2025 मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. घरांची कामं मात्र सुरूच आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घर परवडत नाही, म्हणून अनेक कुटुंबं इकडे येतात. त्यांची गरजही खरी आहे.

जनसुनावणी का होत नाही?

बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. कारखाने आणि खाणींसाठी या टप्प्यावर साधारणपणे जनसुनावणी होते. केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेने इमारती आणि टाउनशिप प्रकल्पांना मात्र या सुनावणीतून सूट दिली आहे. त्यामुळे शेजारी राहणाऱ्यांना आपली अडचण मांडायला अधिकृत व्यासपीठच मिळत नाही. महारेराकडे तक्रार करता येते, पण तो कायदा मुख्यतः घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे, शेजाऱ्यांच्या वाहतुकीसाठी नाही.

पाच किलोमीटरची अट

तरीही एक अट रहिवाशांच्या उपयोगाची आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने गृहप्रकल्पांच्या मंजुरीसाठी प्रमाणित अटी ठरवल्या आहेत. त्यानुसार प्रकल्पापासून पाच किलोमीटरच्या परिघातल्या रस्त्यांची स्थिती बिघडणार नाही, असा वाहतूक आराखडा करावा लागतो. त्यात परिसरातल्या इतर चालू आणि प्रस्तावित प्रकल्पांचा एकत्रित भार धरायचा असतो. नगरविकास विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा सक्षम यंत्रणेने तो प्रमाणित करायचा असतो.

म्हणजे रहिवासी जो प्रश्न विचारतात, तोच सरकारी कागदावरही आहे. अडचण अशी की 20,000 चौरस मीटरच्या आतले प्रकल्प यातून सुटतात. छोट्या बंगलो स्कीम एकामागून एक उभ्या राहिल्या, तर रस्त्यावरचा भार वाढतो, पण त्याचा एकत्रित हिशोब कुणीच मागत नाही.

कुंडमळ्याने काय दाखवलं?

15 जून 2025 रोजी मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचं माहीत होतं. नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. पण नवा पूल उभा राहण्याआधीच जुन्यावर गर्दी झाली.

तो अपघात गृहप्रकल्पाशी संबंधित नव्हता. पण माणसं आधी येतात आणि रस्ते-पूल मागून, ही रहिवाशांची भीती कुठून येते, हे त्यावरून कळतं. रस्ता रुंद होणार आहे, एवढं आश्वासन त्यांना म्हणूनच पुरेसं वाटत नाही.

रहिवासी काय करू शकतात?

- महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि क्षेत्रफळ पाहता येतं.
- पर्यावरण मंजुरीचं पत्र 'परिवेश' पोर्टलवर मिळतं. त्यात वाहतुकीची अट आहे का, ते तपासावं.
- वाहतूक आराखड्याची आणि तो प्रमाणित केल्याच्या पत्राची प्रत माहिती अधिकारात मागता येते.
- पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. मुदत 30 दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात.
- नवा विकास आराखडा प्रसिद्ध होईल, तेव्हा मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. त्यात 'वाहतूक वाढेल' एवढंच न लिहिता फाट्याचं नाव, रस्त्याची रुंदी आणि कोंडीची वेळ लिहावी.