घंटा वाजली, पुढे नोंद काय झाली?

रात्री दोन वाजता सराफाच्या दुकानाचा भोंगा वाजायला लागला, तर आपण काय करतो? खिडकीतून डोकावतो, ‘उंदीर असेल, नाहीतर लाईट गेली असेल’ म्हणतो आणि पुन्हा झोपतो. पण हा इशारा ज्याच्या पडद्यावर उमटतो, त्या माणसाला असं कूस बदलून चालत नाही. बँका, एटीएम, मोठी दुकानं यांच्या इशाऱ्यांवर लक्ष ठेवणारी कक्षं असतात. सोलापुरातल्या एटीएमचा इशारा कधीकधी दुसऱ्याच शहरात बसलेला ऑपरेटर बघत असतो. तो कॅमेरा बघतो, शाखेच्या माणसाला फोन लावतो, गरज वाटली तर पोलिसांना कळवतो. आणि हे सगळं लिहून ठेवतो.

या नोंदीत पाच गोष्टी हव्यात. इशारा किती वाजता आला, कोणी पाहिला, कोणाला कळवलं, समोरचा काय म्हणाला आणि शेवटी प्रकरण कशाच्या आधारावर बंद केलं. पहिल्या चार गोष्टी बहुधा नीट होतात, कारण वेळ तर यंत्रच टाकतं. घोळ होतो तो पाचव्या ठिकाणी. अमेरिकेतल्या पोलिसांच्या अभ्यासांत शंभरपैकी नव्वदहून जास्त भोंगे खोटे निघाले आहेत. रोज तेच बघून हाताला सवय लागते आणि ‘काही आढळले नाही’ हे शब्द आपोआप टाइप होतात. खरं म्हणजे ‘मी बघितलं, काही नव्हतं’ आणि ‘कोणी बघितलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर मात्र त्या सारख्याच दिसतात.

तुम्ही म्हणाल, दुकानाच्या भोंग्याचं आम्हाला काय? मैत्रिणींनो, आपल्या हातातही असा एक भोंगा आहे. मोबाइलमध्ये संकटाचं बटण असावं असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. साध्या फोनवर त्यासाठी ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायची सोय ठेवायला सांगितलं. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. तुम्ही सोलापुरातून ११२ लावलात, तरी फोन उचलला जातो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात. तिथला कर्मचारी तुमची अडचण आणि पत्ता लिहून घेतो, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे पाठवतो आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो. गाडीतले पोलीस जाऊन येतात, काय केलं ते कळवतात आणि मग तो कॉल बंद होतो.

आता आपल्या गावाचा विचार करा. कुंभारीचं गोदूताई परुळेकर विडी घरकुल म्हणजे एका साच्यातली दहा हजार घरं. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली. घरात कोणी तेलुगू बोलतं, कोणी कन्नड. घाबरलेल्या बाईच्या तोंडून मराठी पत्ता नीट निघेलच असं नाही. लांबच्या शहरातल्या माणसाला ‘पाण्याच्या टाकीच्या मागं’ एवढ्यावरून काय कळणार? पत्ता चुकला, तर गाडी भलत्याच गल्लीत जाते आणि नोंद होते ‘काही आढळले नाही’.

घरातल्या मारहाणीत तर आणखी एक पेच असतो. पोलीस दारात येईपर्यंत नवरा शांत झालेला असतो, सासूबाई चहा ठेवतात आणि पोरांकडे बघून बाईच म्हणते, ‘मिटलं साहेब.’ कॉल बंद! पण तो बंद करताना काय लिहिलं गेलं? ‘आपसात मिटले’ लिहिलं की ‘पत्नीच्या गालावर वळ, तक्रार देण्यास नकार’? उद्या ती बाई कोर्टाची पायरी चढली, तर पहिल्या वाक्याचा तिला काडीचा उपयोग नाही. दुसरं वाक्य मात्र तिच्या बाजूने उभं राहतं. आणि ‘खोटा कॉल’ लिहिलं असेल, तर तिच्यावरच उलटतं.

कायदा या बाबतीत मुका नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की ती स्टेशन डायरीत नोंदलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल करून घेता येतो. त्यासाठी गुन्हाच दाखल झाला पाहिजे असं नाही.

मग आपण काय करायचं? फोन लावला की आधी पत्ता सांगा : वसाहत, घराचा नंबर, जवळची खूण. घरच्यांनाही तो पाठ करून ठेवायला सांगा. मोबाइलमधली कॉलची नोंद पुसू नका. पोलीस आले तर त्यांचं नाव आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुधाचा हिशोब लिहितो, तसाच हा. आज तक्रार द्यायची नसेल, तरी ‘साहेब, मार लागलाय हे लिहा’ एवढं नक्की म्हणा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या.

पोलिसांकडूनही एक अपेक्षा आहे. गाडी किती मिनिटांत पोचली याचे आकडे सांगितले जातात, ते चांगलंच आहे. पण किती कॉल ‘मिटले’ म्हणून बंद झाले आणि त्याच घरातून पुन्हा किती वेळा फोन आला, हेही कोणीतरी तपासायला हवं. एकाच दारातून तिसऱ्यांदा घंटा वाजत असेल, तर तिथे काहीच मिटलेलं नाही.