उपास प्लॅस्टिकचा, प्रश्न समुद्राचा

शाळा उघडल्या, पहिला पाऊस झाला, की शाळाशाळांतून वृक्षारोपणाचा सोहळा होतो. एक खड्डा, एक रोप, त्याला धरलेले वीस हात आणि समोर फोटोवाला! पावसाळाभर ते रोप आपलं आपण जगतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर. जमीन भेगाळते, आणि पाणी घालायची पाळी कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं. झाडं लावू नयेत असं मी म्हणत नाही हं! पण श्रद्धा, सेवा, निसर्गप्रेम सगळं त्या एका खड्ड्यात घालून वर माती लोटायची, हे काही मनाला पटत नाही.

मी बोईसरला मिशनच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मराठीचे तास, आणि आठवड्यातून दोनदा मूल्यशिक्षण. माझं माहेर वसईचं, घरात कॅथलिक वळण. वर्गात मात्र सगळ्या जातिधर्मांची मुलं. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ नावाचं लांबलचक पत्र जगाला लिहिलं, ते आम्ही शिक्षिकांनी थोडं थोडं वाचलं. (पोप महोदय २०२५ च्या एप्रिलमध्ये निवर्तले.) एवढ्या मोठ्या धर्मपीठावरून आलेलं पत्र, म्हणजे सगळं जडजडच असणार, असं वाटलं होतं. तर मधेच स्वयंपाकघर! खाऊन संपेल तेवढंच शिजवा, पाणी जपून वापरा, कचरा वेगवेगळा ठेवा, नको असलेले दिवे मालवा. अगदी आपल्या सासूबाई बोलताहेत असं वाटावं. पण त्याच पत्रातलं दुसरं म्हणणं इतकं सोपं नाही. निसर्गाची नासाडी कुणीही करो, तिचा पहिला फटका बसतो तो गरिबाला.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून चाळीस दिवस, आमचा उपवासकाळ असतो. यंदा सिस्टरांनी मुलांना सुचवलं, की सगळ्यांनी मिळून प्लॅस्टिकचा उपास करू या. हिंदू-मुसलमान मुलांची त्याला ना नव्हती. उपास म्हटल्यावर उलट हौसच! डब्यात वेफर्सची पुडी नाही, विकतची पाण्याची बाटली नाही, वह्यांना प्लॅस्टिकचं कव्हर नाही. आया मात्र कुरकुरल्या, आणि मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. पहाटे साडेपाचला उठून दोन-तीन डबे भरणाऱ्या बाईला ती पुडी म्हणजे तेवढाच विसावा. म्हणजे उपास मुलाचा आणि राबणूक आईची! तेव्हा असं ठरलं, की मधल्या सुट्टीचा खाऊ मुलांनीच रात्री भरून ठेवायचा. चणे, शेंगदाणे, कुरमुरे, एखादं केळं. शिवाय जुन्या साडीच्या पिशव्या शिवून झाल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे म्हणतात. भाजीवाल्याकडे पाहून ते खरं वाटत नाही. असो.

हे सगळं छान चाललं होतं. मग सहावीतल्या एका मुलाने विचारलं, “टीचर, कचरा करणं पाप, तर कंपनीचं पाणी समुद्रात जातं ते काय? माझे पप्पा त्याच कंपनीत आहेत.” शेजारच्या बाकावर समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी बसलेली. वर्ग एकदम गप्प!

बोईसरला राहणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली. निर्देशांक होता ९३.६९. कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं, तिथून नळाने नवापूरच्या समुद्रात. आणि आमच्या वर्गातल्या किती घरांची चूल याच कारखान्यांच्या पगारावर पेटते! मुलाला मी एवढंच सांगितलं, की नळाची चावी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची जास्त. तुझे पप्पा पाळीवर जातात ते तुमच्यासाठी. त्यांच्याबद्दल मान खाली घालायचं तुला कारण नाही. पण प्रश्न चांगला आहे, तो सोडू नकोस.

सिस्टरांनी मग एका पालकांनाच वर्गात बोलावलं. ते सांडपाण्याच्या प्रक्रियेवरच काम करतात. त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. आंबट, म्हणजे आम्लयुक्त पाण्यात आधी चुना घालायचा, मग गाळ खाली बसू द्यायचा, मग मोठ्या हौदात हवा सोडायची. तिथे सूक्ष्म जिवाणू उरलेली घाण खातात. एखाद्या कारखान्याने रात्री चोरून जहाल पाणी सोडलं, तर ते जिवाणूच मरतात, आणि पुढे कित्येक दिवस बाकी सगळ्यांचंही पाणी नीट साफ होत नाही. “आपल्या विरजणावर गरम दूध ओतावं तसं,” असं ते म्हणाले, तेव्हा आम्हा बायकांना एका झटक्यात समजलं!

पुढच्या आठवड्यात त्या मुलीची आजी आली. पूर्वी खाडीत बोय आणि निवट्या किती मिळायच्या, ते तिने हात पसरून सांगितलं. आता पाण्याला वास आला की बाजारात गिऱ्हाईक बोंबिलालासुद्धा विचारतं, कुठला आहे म्हणून, आणि गावाचं नाव ऐकून पुढे जातं. मघाचे ते पालक मुद्दाम पाळी बदलून मागच्या बाकावर बसले होते. आजी बोलत असताना ते कुठे बघत होते, ते मी लिहीत नाही.

माझ्या माहेरच्या वसईने हे फार आधी भोगलं आहे. (२०१४ पासून वसईही आपल्याच पालघर जिल्ह्यात.) १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर केळीच्या वाड्यांवर गेली, विहिरींचं गोडं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक, पुढे २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ साली ते गेले. आमची आई त्या मोर्चांना घरची कामं उरकून जायची. धर्मगुरूने वेदीपाशीच थांबावं, रस्त्यावर येऊ नये, असं म्हणणारे लोक तेव्हाही होते. आई म्हणते, “विहीर आटल्यावर पाण्याला मीच जाणार होते ना!”

वर्गात समुद्राचं एवढं बोलणं झाल्यावर मुलं घरच्या मोरीकडे वळली, हे मात्र आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आपण संडासात ॲसिड ओततो तेही कुठे तरी जातंच की! माझ्या घरी आता रोजच्या फरशीला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, नळावरच्या पांढऱ्या डागांना लिंबाची साल किंवा व्हिनेगर. घासावं जरा जास्त लागतं, खोटं कशाला सांगू? आणि ॲसिड वापरायचंच झालं तर ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही नको. त्यातून निघणारा वायू जिवावर बेतू शकतो.

४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण असतो. त्याच्या आसपासच्या शनिवारी मुलं नवापूरच्या किनाऱ्यावर जाणार आहेत. कचरा उचलायचा, आणि कोळीवाड्यातल्या बायकांकडून ऐकून कोणते मासे मिळतात, कोणते मिळेनासे झाले, ते वहीत उतरवायचं. वही पुढे प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात नेऊन द्यायची, असं मुलांचंच म्हणणं. बरोबर पालक हवेत. आजपर्यंत अकरा आयांनी नावं दिली आहेत आणि तीन वडिलांनी. त्या तिघांतले दोघे कंपनीतले आहेत.