बोटीला दोन रात्री, बंदराला एक दिवस

वालूरच्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेकाठी बसून आम्ही काही मराठीच्या अध्यापकांनी सुटीतील मुंबई-गोवा जलप्रवासाचा बेत पक्का केला. बोटीविषयी कुणाचेच दुमत नव्हते. वाद झाला तो शेवटच्या दिवसावरून. बोट सकाळी मुंबईस लागणार आणि सेलूला आणून सोडणारी देवगिरी एक्स्प्रेस निघणार रात्री. मधल्या तासांसाठी लगेच यादी तयार झाली : गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू. ही यादी आम्हांला मान्य नाही, आणि तिच्यामागची वृत्ती तर त्याहून नाही.

हिशोब साधा आहे. गेटवेहून घारापुरीला लाँचने जायलाच सुमारे तास लागतो. लेणी पाहून परतेपर्यंत अर्धा दिवस सरतो. उरलेला अर्धा दिवस टॅक्सीच्या काचेतून वाहनांची रांग पाहण्यात जाईल. सोमवार असेल तर लेणी बंदच. परंतु खरा आक्षेप वेळेचा नाही. बोटीसाठी आपण पैसे मोजतो, कपडे निवडतो, महिनाभर बोलतो; बंदराच्या वाट्याला मात्र गाडीची वेळ होईतो काढायचे तास येतात. साहित्याच्या अध्यापकांनी तरी मुंबई बंदराला असे उरलेसुरले देऊ नये.

कारण आपण ज्याला ‘आधुनिक मराठी वाङ्मयाचा आरंभ’ म्हणून फळ्यावर लिहितो, त्यातील मोठा भाग या बंदराच्या आसऱ्याने वाढलेल्या नगरीत घडला. गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले ते १८३१ साली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. एखाद्या शहराकडे पाहावे कसे, हे मराठी वाचकाला दाखविणारे ते आरंभीचे महत्त्वाचे पुस्तक. आमचे विद्यार्थी ही सनावळी परीक्षेपुरती पाठ करतात. आम्हीही ती तशीच शिकवितो, हे कबूल केले पाहिजे. ज्या रस्त्यांवर हे घडले ते आपण पायांनी मोजलेले नसतात.

म्हणून आमचा बेत असा. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर उतरल्यावर प्रथम छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील सामानघरात बॅगा ठेवाव्यात. हात मोकळे झाल्याखेरीज शहर दिसत नाही. तेथून चालत टाउन हॉल. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा या संस्थेशी दीर्घ संबंध होता; दुर्गाबाई भागवतांची अभ्यासाची जागाही हीच. आत जाता आले नाही, तरी बाहेरच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसावे. पुढे काळा घोडा. मूळ पुतळा १९६५ मध्ये हलविला गेला, आणि आज तेथे उभा असलेला स्वाराविना घोडा २०१७ चा. अरुण कोलटकर ज्या वेसाइड इनमध्ये बसत, तेही आता नाही. कवीने पाहिलेल्यातले काय उरले आणि काय गेले, हे त्या चौकात उभे राहूनच कळते.

जेवणानंतर भाऊचा धक्का. वाटेत गोद्यांची भिंत लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजाचा स्फोट झाला. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन त्याच दिवसाची आठवण आहे. भाऊच्या धक्क्यावरूनच १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दोन रात्री वातानुकूलित खोलीत समुद्र पाहून आलेल्यांनी, पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांच्या धक्क्यावर थोडा वेळ उभे राहावे, एवढीच आमची अपेक्षा. मराठवाड्याची माणसे मुंबईस आली ती आगगाडीने. १९७२ च्या दुष्काळात तर लोंढ्याने. त्यांच्यात आणि कोकणच्या चाकरमान्यांत वाहनाचाच काय तो फरक. पुढे आमचे विद्यार्थीही या शहरात कामासाठीच उतरणार आहेत.

मुलांना जुहूची वाळू हवी आहे, ही हरकत खरी आहे. तिचे खंडन आम्ही करीत नाही. पण समुद्र तर बोटीवरून दोन दिवस पाहून झालेला असेल. आणि मुलांचा हट्ट पुढे करून आपला आळस झाकू नये.

हा वाद रंगला असताना वालूरला पाहुण्यांची एक मोटार आली. मंडळी चार पायऱ्या उतरली, छायाचित्रे काढली आणि दहा मिनिटांत निघून गेली. ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली, हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. आम्हांला वाईट वाटले. मग मुंबईच्या यादीकडे पाहिले, तेव्हा आपणही तसेच पाहुणे होण्याच्या तयारीत आहोत, हे ध्यानात आले. यादीतील तीन नावे तेथेच खोडली. उरलेल्या दोहोंविषयी वाद अजून चालू आहे.