भावाचे जुने बूट आणि भरतीची धाव

पहाटे साडेपाचच्या सुमारास फैजपूरहून यावलकडे किंवा सावद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिलात तर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे केळी भरून निघालेले ट्रक आणि दुसरी म्हणजे त्या ट्रकच्या उजेडात कडेकडेने पळणारी पोरे. कोणाला पोलिसात जायचे आहे, कोणाला एसआरपीत, कोणाला सैन्यात. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात आणि त्यातले २० एकट्या लांब धावेला. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणी आधी आणि लेखी नंतर, असा क्रम अलीकडच्या भरतीत आल्यापासून तर सगळा भार पायांवरच आला आहे. मैदानात जो मागे पडला, त्याचा अभ्यास वहीतच राहतो.

या पोरांच्या पायात काय असते, याकडे मी गेली काही वर्षे मुद्दाम बघतो. बघण्याचे कारण सांगितले पाहिजे, कारण त्यात माझीही चूक आहे.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका खेड्यातला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. वडील दुसऱ्याच्या केळीत मजुरीला. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून चार बोटे वर, दुखत होते. आधी पळून झाल्यावर दुखायचे, मग पळताना, आता जिना उतरतानाही. मी एक्स-रे काढायला लावला. एक्स-रे स्वच्छ होता. “हाडाला काही नाही,” असे म्हणून मी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि आठ दिवस विश्रांती सांगितली. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गोळ्या द्या, पण मले पळू द्या. भरती सव्वा महिन्यावर आली.” गोळ्यांनी दुखणे दबले आणि तो पळत राहिला. तीन आठवड्यांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणले. जळगावला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. अशी ताणाने पडलेली चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. हे मी पुस्तकात वाचले होते, त्या दिवशी लक्षात घेतले नाही. हाडावर एका बोटाने दाबून नेमके एकाच ठिकाणी दुखत असेल तर एक्स-रे काहीही म्हणो, पळणे थांबवायचे, हे मी तेव्हापासून पक्के केले आहे.

त्या दिवशी त्याचे बूट दवाखान्याच्या दारात होते. मी उचलून बघितले. वरून ठीक दिसत होते. पण टेबलावर ठेवून मागून पाहिले तर उजवा बूट आतल्या बाजूला कललेला. अंगठ्याने दाबले तर टाचेखालचा थर लाकडासारखा कडक. बूट थोरल्या भावाचे होते. त्याने दोन वर्षे वापरून दिलेले, आणि यानेही वर्षभर त्यातच सराव केलेला. भरतीच्या क्लासची फी मात्र घरच्यांनी उसनवारी करून भरली होती.

एकट्या बुटाने हाड मोडले असे मी म्हणणार नाही. भरतीची जाहिरात आल्याबरोबर त्याने रोजचे चार किलोमीटर एकदम दहावर नेले होते, तेही डांबरी रस्त्यावर. आणि माझ्या मते खरे कारण तेच. पण थकलेल्या हाडावर कडक झालेला, कललेला बूट ही भर होतीच, आणि ती टाळता आली असती.

पळताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. एका किलोमीटरला ढोबळमानाने हजार पावले धरा. म्हणजे पाचशे किलोमीटरला एकेका पायाचे अडीच लाख ठोके. हे ठोके झेलतो तो बुटाचा मधला थर. वरचे कापड आणि खालचे रबर यांच्यामध्ये जो फेसासारखा, हलका पांढरा थर असतो, त्यात हवेच्या बारीक बारीक पेशी असतात. त्या दबून दबून चपट्या होतात आणि मग परत फुगत नाहीत. गंमत अशी की खालच्या रबराची नक्षी तोपर्यंत शाबूत असते. आपण टायरसारखी नक्षी बघतो आणि “अजून वर्षभर जाईल” म्हणतो. बुटाचे आयुष्य साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर. जड अंगाच्या माणसाचे, रस्त्यावर पळणाऱ्याचे आणि हलक्या प्रतीच्या बुटाचे त्याहूनही कमी. मोटारसायकलचे ऑइल किती किलोमीटरला बदलायचे हे आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असते. बुटाचे किलोमीटर कोणीच मोजत नाही. आठवड्याला सहा दिवस, रोज सहा किलोमीटर, म्हणजे महिन्याला दीडशे. चार महिन्यांत सहाशे झाले! बूट आणला त्या दिवशीची तारीख बॉलपेनने जिभेच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. तारखेवरून हिशेब आपोआप होतो.

आता दोन जोड्यांबद्दल. हे सांगितले की घरचे म्हणतात, “एका जोडीचीच मारामार, आणि डॉक्टर दोन सांगतात.” पण हिशेब करून पाहा. पहिला जोड आणल्यावर चार महिन्यांनी दुसरा आणायचाच आहे. तो दोन महिन्यांनीच आणा आणि आलटून पालटून वापरा. दोन्ही मिळून तेवढेच किलोमीटर चालतात. पैसा जास्त जात नाही, फक्त थोडा आधी जातो. फायदा असा की आज घामाने ओला झालेला बूट उद्या पूर्ण वाळतो. ओल्या बुटात पाय घासतो, फोड येतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, वास तर विचारूच नका. शिवाय दोन बूट थोडे वेगळे असले तर रोज एकाच स्नायूवर, एकाच हाडावर तोच ताण पडत नाही. युरोपातल्या लक्झेंबर्ग या छोट्या देशात २६४ धावपटूंवर २२ आठवडे लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जे एकाहून अधिक जोड फिरवून वापरत होते, त्यांच्यात दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. एका अभ्यासावर सगळे सिद्ध झाले असे मी मानत नाही. पण अंगाला अपाय नाही, खर्च तोच, मग करून बघायला काय हरकत आहे?

परीक्षेच्या आठ दिवस आधी मात्र नवा कोरा बूट काढू नका. निदान पन्नास-साठ किलोमीटर पायाखाली गेलेला जोडच मैदानावर न्या.

निवडीबद्दल दुकानात बरेच ज्ञान ऐकायला मिळते. तुमच्या तळव्याला कमान कमी, म्हणून हा बूट. कमान जास्त, म्हणून तो. अमेरिकेच्या सैन्यदलांनी तळव्याचा आकार बघून नव्या भरतीच्या जवानांना बूट वाटले आणि बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे दिले. २००९-१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यामुळे माझा सल्ला साधा आहे : दुकानातल्या दुकानात दहा पावले पळून बघा, ज्यात पाय खुशीत राहील तो घ्या. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ज्या मोज्यात पळता तेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत घालून उभे राहा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाच्या मापाने घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपली खेड्यातली मुले लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वाढतात, त्यांचा चवडा बहुधा पसरट असतो. निमुळता बूट त्यांना करंगळीशी कुरूप करतो आणि अंगठ्याचे नख काळेनिळे करतो. बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. टाचेमागची वाटी बोटांनी दाबा, ती घट्ट हवी. मोठ्या कंपनीचे नाव छापलेला नकली बूट घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा अस्सल बूट शतपटीने बरा. आणि फुटबॉलचे खिळ्यांचे बूट घालून डांबरी रस्त्यावर पळणारेही मी पाहिले आहेत. काय बोलावे!

मुलींची तर आणखी कुचंबणा. भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालतात. मुलींची टाच अरुंद असते, पाय आत सरकतो, घोटा मुरगळतो. मुलीच्या बुटाला घरात शेवटचा नंबर का लागतो, हा प्रश्न आरोग्याच्या सदरात विचारू नये असे कोणी म्हणेल. मुरगळलेला घोटा माझ्याकडे येतो, म्हणून विचारतो.

अनवाणी पळण्याचा दाखला मला नेहमी दिला जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच पळायची आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणले, हे खरे आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हेही खरे. पण पुढचे कोणी सांगत नाही. १९६४ साली टोकियोत त्यानेच पुन्हा मॅरेथॉन जिंकली, तीही अपेंडिक्सचे ऑपरेशन होऊन जेमतेम सहा आठवडे झालेले असताना, आणि तेव्हा त्याच्या पायात बूट होते! ज्याचे पाय जन्मापासून अनवाणी घडले त्याची गोष्ट वेगळी. बारावीपर्यंत बूट-चप्पल घालून एकदम अनवाणी सुरू करणाऱ्याच्या तळव्याचे आणि पोटरीचे हाल होतात. शिवाय आपल्या रस्त्यांवरच्या काचा, बाभळीचे काटे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचा संबंध वेगळा सांगायला नको.

बूट टिकवण्याबाबत आपल्या भागातली पहिली अडचण म्हणजे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या घरावर वाळत टाकलेले बूट, किंवा उभ्या मोटारसायकलच्या डिकीत राहिलेले बूट, यांचा डिंक सुटतो आणि मधला थर लवकर निकामी होतो. धुतल्यावर सावलीत, वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ तर कधीच नको. आतली गादी आणि नाड्या काढून वेगळ्या धुवा. साधा साबण, जुना दात घासायचा ब्रश आणि थंड पाणी पुरे. वॉशिंग मशीन नको. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बदला. हा अंक वाचून झाल्यावर त्यासाठी चालेल, संपादकांना सांगू नका. पावसाळ्यात काळी माती तळाला थापून बसते, ती वाळली की घट्ट होते; ओली असतानाच काडीने काढून टाका. बूट काढताना नाडी सोडा. टाचेने टाच दाबून बूट ओढला की मागची वाटी मोडते. आणि पळायचे बूट पळण्यापुरतेच ठेवा. तेच बूट घालून बाजार, कॉलेज, लग्न आणि क्रिकेट केले की पाचशे किलोमीटर दोन महिन्यांतच संपतात.

वरचे कापड उसवले तर शिवून घ्यायला हरकत नाही. आपल्या बाजारात बसणाऱ्या चांभारदादांचा टाका कंपनीपेक्षा घट्ट असतो. पण झिजलेल्या टाचेखाली टायरचा तुकडा मारून घेऊ नका. त्याने बूट टिकतो, उंची मात्र बदलते आणि गुडघा बिघडतो.

सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना एवढेच सांगतो : मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा असेल तर तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. बुटात पाय घालण्याआधी हात घालून बघा. खडा, खिळा किंवा दुमडलेली गादी पायाला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जखमच दिसते. जाणीव गेलेल्यांसाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला मिळतात. कुष्ठरोग्यांसाठी त्या कित्येक वर्षे वापरात आहेत, त्यामुळे काही जण घालायला लाजतात. लाजू नका. पाय तुमचा आहे.

एक विनंती गावातल्या देणगीदारांना. पंधरा ऑगस्टला आणि गणेशोत्सवात धावण्याच्या स्पर्धा होतात, पहिल्या तिघांना चषक मिळतात. ते चषक घरच्या फळीवर धूळ खातात. पुढच्या वेळी चषकाऐवजी मापाचे बूट देऊन बघा. आणि भरतीचे क्लास चालवणाऱ्या गुरुजनांनी महिन्यातून एकदा सगळ्यांचे बूट ओळीने टेबलावर मांडून मागून बघावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

त्या मुलाची चीर आठ-नऊ आठवड्यांत भरून आली. तोपर्यंत भरती होऊन गेली होती. पुढच्या भरतीत त्याने पुन्हा प्रयत्न केला, थोड्या गुणांनी राहिला. आता तो केळीच्या गाडीवर जातो. त्याची धाकटी बहीण यंदा तयारी करते आहे. मागच्या पंधरवड्यात तो तिला घेऊन आला, तिच्या नडगीत दुखते म्हणून. मी हाडावर बोट फिरवले. दुखणे एका ठिकाणी नव्हते, पोटरीच्या कडेने पसरलेले होते. दहा दिवस पळणे बंद, पोटरीचे ताण आणि नंतर निम्म्यापासून सुरुवात, असे सांगितले. गोळ्या दिल्या नाहीत. बूट मागितले तर तिने पिशवीतून काढून दिले. नवे होते, तिच्याच मापाचे. भावाने आणून दिले होते.