सगळी माहिती भाडेकरूनेच द्यायची?

जून आला की पुणे, मुंबई, नागपुरात खोली शोधणाऱ्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. घरमालकाला आधार कार्ड हवे, कॉलेजचे किंवा कंपनीचे पत्र हवे, पोलीस ठाण्यासाठी फोटो हवेत. त्याच ओघात आडनाव आणि नॉनव्हेजचाही प्रश्न येतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर गाव आणि गावातली आळीसुद्धा विचारतात. घरमालकाने आपल्याला काय सांगायला हवे, हे मात्र आपल्यातलेही फार थोडे विचारतात.

कायदा याबाबत गप्प नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की घरात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो मालकाला ठाऊक आहे आणि भाडेकरूला सहज दिसणारा नाही, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. पण महाराष्ट्रात आज बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसून 'लिव्ह अँड लायसन्स'चे असतात. त्यांना त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याचे कलम 57 लागते. तिथे हे कर्तव्य आखडते. जीवाला किंवा सामानाला धोका होईल असाच दोष सांगण्याचे बंधन उरते. गळके छप्पर किंवा दोन दिवसांआड येणारे पाणी त्यात बसवणे कठीण.

तरीही हे कलम छोटे नाही. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत जून 2022 मध्ये कोसळली आणि 19 जण गेले. धोकादायक म्हणून महापालिकेने तिला आधीच नोटीस दिलेली होती. आत राहणाऱ्यांत भाड्याने राहणारे मजूर बरेच होते. नोटीस मालकांच्या नावे निघते, छताखाली झोपतो तो भाडेकरू. आपली माणसे स्वस्त खोली शोधत अशाच इमारतींकडे वळतात, कारण चांगल्या सोसायटीचे दार आडनावापाशीच बंद झालेले असते.

दुसरी अडचण कागदाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे, असे एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट अडवलेल्या मुलांशी बोलताना आम्हाला दिसते, की हे शेवटचे वाक्य त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

नकाराचे कारण सांगण्याचे बंधन मात्र कुठेच नाही. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत. खासगी घर नाही. 1917 मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन धर्मशाळेत राहावे लागले, आणि खरे कळताच बाहेर काढले गेले. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना मिळणारे नकार नोंदवतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतके मर्यादित केले आहे. मात्र तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

तोवर सही करण्यापूर्वी करारात एक ओळ घालून घ्यावी: 'या इमारतीला महापालिकेची धोकादायक नोटीस नाही, घरावर बँकेची जप्तीची कारवाई नाही, वीजबिल व देखभाल खर्च थकीत नाही.' मालक ही ओळ लिहायला तयार नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन इमारतीची चौकशी करावी. संघटनांनी राज्य सरकारकडे मागायचे तेही एवढेच, की ऑनलाइन नोंदणीच्या फॉर्ममध्ये भाडेकरूच्या आधार क्रमांकाशेजारी मालकाच्या या घोषणेचा रकाना सक्तीचा करावा.