तीन बोटांची परीक्षा

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष

विद्यार्थी मित्रहो, वर्षभर आपण अनेक परीक्षा देतो. आज आणखी एक द्या. हाताची तीन बोटे जोडून, एकाखाली एक अशी धरून, तोंडात जातात काय ते पाहा. नागपूरला डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाची हीच परीक्षा घेतली. त्याच्या तोंडात एकच बोट गेले.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आजी कडुनिंबाच्या काडीने दात घासायची; माय आजही राखुंडी लावते. मी ब्रश आणि पेस्ट आणली, तेव्हा आपण मोठे सुधारक झालो असे वाटले. पण सकाळी दोन मिनिटे पेस्ट आणि दिवसभर खर्रा, ही कसली सुधारणा?

पवनीच्या कोणत्याही पानठेल्यावर थांबा. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटणे चाललेलेच असते. तंबाखू वाईट हे सर्वांना ठाऊक आहे. सुपारीने काय होते, हा मात्र आपला गोड गैरसमज! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठर होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. भाऊ आज भाताचा घास चमच्याने आत सारतो.

कायदे नाहीत असे नव्हे. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे. २०१२ साली राज्यात गुटखाबंदीही झाली. पण आपल्या खिशातल्या पुडीवर पहारा कोण ठेवणार? खरी अडचण अज्ञानाची नाहीच. "घे ना बे, थोडासा!" म्हणत मित्र पुडी पुढे करतो आणि नाही म्हणणे जिवावर येते. मीही पहिला खर्रा असाच घेतला. भावाचे हाल डोळ्यांपुढे असूनही तो सोडायला मला चार महिने लागले.

म्हणून सुचवावेसे वाटते, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी दंततपासणी व्हावी. आणि गुरुजनांना नम्र विनंती, आमची पुडी टाकायला सांगताना त्यांनी आपलीही टाकावी.

मित्रहो, यापुढे कुणी पुडी पुढे केली तर रागावू नका. त्याला फक्त तीन बोटे तोंडात घालून पाहायला सांगा. खरी मैत्री तीच.